पहिला नग

१

साचा मरतो कसा, हे नाथाजी भोइट्यांना विचारावं. सातारच्या एमआयडीसीत खेळण्यांच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. पोलादी साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबानं शिरतं, थंड होतं, साचा उघडतो, बाहुलीचं डोकं खाली टोपलीत पडतं आणि साचा पुन्हा बंद. दिवसाला दोन हजार वेळा. पोलाद झालं म्हणून काय झालं, तेही झिजतंच. आधी जातं बारीकसारीक, म्हणजे पापणीचा केस, ओठावरची रेघ. मग कडा बोथटतात. मग साच्याच्या दोन अर्ध्यांचा जोड सैल पडतो आणि जिथं ते मिटतात तिथं प्रत्येक नगावर केसाएवढा पापुद्रा उमटायला लागतो. पापुद्रा आला की साचा दमला म्हणायचं.

दमलेला साचा नाथाजींच्या टेबलावर यायचा. ते बारीक कागदानं घासून त्याला पुन्हा चकाकी आणायचे. पण घासायचं म्हणजे पोलाद खरवडायचंच की. दर खेपेला साच्यातली जागा वाढायची आणि बाहुलीचे गाल फुगायचे. चार-पाच खेपा झाल्या की बाहुली सुजल्यासारखी दिसायची, मग साचा भंगारात.

ह्या घासण्यापायी नाथाजींच्या स्वतःच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्या होत्या. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उठायचा नाही. दुकानदार म्हणायचा, "नाथाजी, तुमी कुटं खून पाडला तर पोलिसांचं काय खरं न्हाई."

कामाच्या त्यांच्या तीन रीती होत्या आणि त्यांत चौतीस वर्षांत खंड नव्हता. झीज बघायची तर बॅटरी आडवी धरायची, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जातो आणि खोटं लपत नाही. जोड तपासायचा तर डोळ्यानं नाही, नखानं. नख अडलं की जोड गेला. आणि नव्या साच्यातला पहिला चांगला नग मानेखाली सुईनं '१' कोरून आपल्या कपाटात कुलपात ठेवायचा. पुढचा सगळा माल त्या नगाशी ताडून बघायचा. पहिला नग कपाटाबाहेर जात नसे, मालक मागू दे नाहीतर मालकाचा बाप.

२

मालक म्हणजे सुमंत. पस्तिशीचा, शिकलेला, वडिलांच्या माघारी कारखाना सांभाळणारा गोड माणूस. गेल्या चैत्रात तो म्हणाला, "नाथाकाका, आपल्या बाहुल्या सगळ्या परदेशी तोंडाच्या. आपल्याकडची पोरगी वाटेल असा चेहरा पाहिजे."

नाथाजींच्या डोळ्यांपुढं एकच चेहरा आला. त्यांचा मुलगा वीरधवल फौजेत, पोस्टिंग लांब अरुणाचलला. सून उमा आणि सात वर्षांची नात सई कोडोलीत त्यांच्यापाशीच राहायच्या. सई म्हणजे म्हाताऱ्याचा जीव की प्राण. काम कितीही असो, सहाच्या ठोक्याला घरी, कारण सई दारात वाट बघत असायची.

दातांच्या दवाखान्यात माप घ्यायला वापरतात ती गुलाबी पावडर त्यांनी आणून पाण्यात कालवली. सईला सतरंजीवर निजवलं, नाकात पपईच्या देठाच्या दोन नळ्या दिल्या आणि तोंडावर, मग दोन्ही तळव्यांवर तो गोळा थापला. लीलाबाई, त्यांची बायको, दारात उभी राहून बघत होती. "आवं, लेकराला असं निजवत्यात व्हय? बघवत न्हाई मला," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दहा मिनिटांनी माप सुटलं. सईनं तोंड धुतलं आणि त्या गुलाबी पोकळीत वाकून बघितलं. आत तिचं नाक, तिचे ओठ, सगळं उलटं.

"आबा, ह्यात अजून मी हाय का?"

"हायस की. थोडी हायस."

ती हसली. नाथाजीही हसले. पोराच्या प्रश्नाला असंच उत्तर देतात.

मग ते माप कॉम्प्युटरवर चढलं, लहान झालं, पोलादात कोरलं गेलं. सईच्या डाव्या भुवईवर दोन टाक्यांचा व्रण होता, आदल्या दिवाळीत उंबऱ्यावर पडली होती तेव्हाचा. सुमंत म्हणाला, तो काढून टाकू. नाथाजींनी ऐकलं नाही. पहिला नग हातात आला तेव्हा व्रणासकट ती त्यांच्याकडं बघत होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी '१' कोरला आणि कपाट बंद केलं.

३

जूनपासून बाहुली सुटली आणि खपायला लागली. ऑगस्टअखेर नग दीड लाखाच्या पुढं गेले, तेव्हा रिवाजाप्रमाणं साचा उतरवून नाथाजींच्या टेबलावर आला.

त्यांनी बॅटरी आडवी धरली. पापणीचा केस न् केस उभा होता. ओठावरची रेघ तशीच. व्रणाच्या टाक्यांची चारही भोकं मोजता येत होती. त्यांनी जोडावरून नख फिरवलं. नख लोण्यावरून जावं तसं गेलं. कपाटातला पहिला नग काढून त्या दिवशीच्या मालाशी लावून बघितला. दोन्हींत तिळाएवढा फरक नाही.

त्यांनी मनाशी कारणं लावली. पोलाद चांगलं लागलं असेल. प्लास्टिकचा दाणा मऊ असेल. दोन्ही पटण्यासारखी होती. सुमंत तर खूश. "काका, हात लागला तुमचा," म्हणाला.

नाथाजींना मात्र बरं वाटलं नाही. दीड लाख वेळा तापून, दाबून, उघडून एखादी वस्तू जशीच्या तशी राहते, तर झिजलं ते काय, असा एक विचार मनात आला. त्यांनी हात धुतले, डबा उचलला आणि घरी आले.

४

सप्टेंबरात सईच्या शाळेत आधारचं शिबिर होतं. उमा कामावर होती म्हणून नाथाजी गेले. मशीनवर सईचा अंगठा उठला नाही. ऑपरेटरनं बोटं पुसून घेतली, ओली करून बघितली, दहाची दहा लावून बघितली. पडद्यावर दहा कोरे ठिपके.

"आजोबांवर गेलीय," ऑपरेटर म्हणाला. रांगेतली माणसं हसली. नाथाजीपण हसले, पण त्यांनी तिचा तळवा आपल्याकडं वळवून घेतला. लहान लेकराचा मऊ तळवा. त्यावरची आयुष्याची रेघ दिसत होती. बाकी काही नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी तिच्या भुवईकडं बघितलं. टाके नव्हते.

"अगं, हिच्या कपाळाचा व्रण कुटं गेला?"

"आवं, लेकराचं अंग हाय. भरून आलं आसंल," लीलाबाई म्हणाली. "तुमी बी नको तिथं खुसपट काढत बसता."

खरं होतं तिचं. लेकरांचं अंग भरून येतंच.

त्याच रविवारी वीरधवलचा व्हिडिओ कॉल आला. लेकीशी दोन शब्द बोलला आणि म्हणाला, "उमा, कॅमेरा पूस की. सईचं तोंड पुसट दिसतंय." उमानं पदरानं फोन पुसला. "अजून पूस." तिनं परत पुसला. वीरधवल म्हणाला, "आता मागं आईचं बेस दिसतंय बघ. सईचंच तेवढं... जाऊ दे, रेंज न्हाई हितं."

उमानं फोन ठेवला आणि सासऱ्यांकडं बघितलं. "मामा, शाळेतल्या बाई परवा म्हणाल्या, सईला हाक मारायला गेलं की नाव आठवतं, पण वर्गात ती कुठली ते पटकन ध्यानात येत न्हाई."

५

खंडेनवमीला कारखान्याची यंत्रं बंद असतात. हत्यारं धुवून पुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि त्या दिवशी कुणी कशाला हात लावत नाही. सगळ्या साच्यांच्या मध्ये सुमंतनं तो साचा मांडला, त्याच्यावर झेंडूचा सगळ्यांत मोठा हार घातला. अडीच लाख नग झाले होते. नाथाजींनी नमस्कार केला आणि दुपारीच घरी आले.

घरात सामसूम होती. लीलाबाई आणि उमा देवळात गेलेल्या. सई आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपली होती. खिडकीचा पडदा ओढलेला. पंख्याचा कुरकुर आवाज तेवढा येत होता.

नाथाजींच्या खिशात बॅटरी होती. ती कायमच असायची. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं आणि लाजही वाटत होती. सातबारा तपासावा तसं झोपलेल्या लेकराला तपासायचं का? तरी ते खाली बसले आणि त्यांनी बॅटरी आडवी धरली.

उजेड कपाळावर पडला आणि सरकत गेला. भुवईपाशी अडायला हवा होता, अडला नाही. नाकाच्या कडेला थोडी सावली पडली. ओठांपाशी फारच थोडी. कुठंच न थबकता उजेड हनुवटीवरून खाली उतरला. त्यांनी बॅटरी विझवली. चेहरा पुन्हा सईचा झाला, म्हणजे तसा वाटला.

मग त्यांनी तिचे केस बाजूला केले. कानाच्या पाळीमागून मानेपर्यंत एक रेघ गेली होती. सरळ, ताणून धरलेल्या दोऱ्यासारखी. उशीचा वळ असेल म्हणून त्यांनी अंगठा फिरवला. त्यांच्या अंगठ्याला तसं काही लागतही नव्हतं म्हणा. म्हणून त्यांनी नख फिरवलं.

नख अडलं.

मग सईनं कूस बदलली. "आबा, आज तुमचं मशीन बंद हाय का?" तिनं डोळे न उघडता विचारलं. "आज लय बरं वाटतंय मला."

६

दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी कामाला सुरुवात. नाथाजी सगळ्यांच्या आधी गेले. साचा टेबलावर होता. हातोडा हाताशी होता. त्यांनी विचार केला: ह्यात काही नसेल, तर फोडून नुकसान एका साच्याचं. पण असेल, तर? आत थोडी हायस, असं आपणच म्हणालो होतो. हातोडा त्यांच्यानं उचलवेना. तेवढ्यात सुमंत आला.

"सायेब, ही डाय बाद झाली," नाथाजी म्हणाले. साच्याला सगळे डायच म्हणत.

"काका, माल तर एक नंबर येतोय."

"वरनं दिसत न्हाई. आतनं तडा गेलाय. कवा फुटंल नेम न्हाई, मशीन घिऊन बसंल."

चौतीस वर्षांत नाथाजी कामात खोटं बोलले नव्हते. सुमंतनं साच्याकडं बघितलंसुद्धा नाही. काका म्हणाले म्हणजे तडा गेला. तो खुर्चीत बसला. दिवाळीची मोठी ऑर्डर हातात होती. "ठीक आहे," म्हणाला. "माणसाचा जीव महत्त्वाचा."

"भंगारात नगा घालू. मला द्या."

"घेऊन जा काका. तुमच्या नातीचा आहे."

इतक्या सहज दिल्यावर नाथाजींना स्वतःचीच शरम वाटली. पोराच्या तोंडचा घास काढला आणि त्यानं वर साचाही देऊन टाकला. त्या शरमेपोटी त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. कपाटाचं कुलूप काढलं, पहिला नग बाहेर घेतला आणि सुमंतच्या हातात दिला.

"एवढा ठिवा. आठवण म्हणून."

सुमंतनं बाहुलीचं डोकं हातात फिरवून बघितलं. "काय काम आहे काका," तो म्हणाला.

७

साचा घरी आला. नाथाजींनी त्याला ग्रीस फासलं, दोन्ही अर्धे मिटवले, धोतरात गुंडाळला आणि पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवला. किल्ली कडदोऱ्याला बांधली.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. गेलेलं परत आलं नाही. व्रण उमटला नाही, बोटं उठली नाहीत. पण पुढं काही गेलंही नाही. दिवाळीत सईनं किल्ला केला. उमा हसायला लागली. दर रविवारी नाथाजी तिचे केस विंचरायचे म्हणून बसायचे आणि नख फिरवायचे. रेघ होती तेवढीच होती. आपण वेळेवर थांबवलं, असं त्यांना वाटायला लागलं. म्हातारा चार घास जास्त जेवू लागला.

सईची उंची दाराच्या चौकटीवर खुणायची पद्धत होती, दिवाळीला एकदा आणि पाडव्याला एकदा. दिवाळीची खूण एकशे वीस सेंटिमीटरवर होती. पाडव्याला गुढी उभी केल्यावर उमानं सईला चौकटीला टेकवून उभी केली, डोक्यावर पट्टी ठेवली आणि थांबली.

"मामा, चौकट वर सरकती का हो?"

पट्टी दिवाळीच्या खुणेच्या खाली होती. जवळजवळ बोटभर. उमानं सईला टाचा टेकवायला सांगितलं. टाचा टेकलेल्याच होत्या. लीलाबाई म्हणाली, दिवाळीलाच चुकली आसंल खूण. नाथाजींनी आतून पोलादी पट्टी आणली आणि मोजलं. एकशे अठरा आणि वर दोन रेघा.

हिशोब करावा लागला नाही. तो आकडा त्यांच्या हाडात होता. प्लास्टिक थंड होताना आक्रसतं, शंभराला दीड. म्हणून साचा कोरताना दीड टक्का मोठा कोरतात. पण कुणी चोरून, तयार नगावरूनच दुसरा साचा उचलला, तर त्याला ही वाढ धरायचं सुचत नाही, आणि त्यातून येणारा प्रत्येक नग मूळ नगापेक्षा दीड टक्का लहान येतो. एकशे विसाचा दीड टक्का.

नाथाजी ट्रंकेपाशी गेले. कुलूप होतं. साचा होता. ग्रीससुद्धा हललं नव्हतं. तसेच ते फरशीवर बसून राहिले.

"काय झालं वं?" लीलाबाईनं विचारलं.

"काय न्हाई," ते म्हणाले. त्यांना रडू येत होतं.

८

उमानं धीर सोडला नाही. कराडला लहान मुलांचे एक चांगले डॉक्टर आहेत म्हणाली, आणि पुढच्या सोमवारी तिघं एसटीनं गेली. डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं. मुलगी ठणठणीत आहे, उंची मोजताना चूक झाली असेल, दूध द्या, म्हणाले. उमा औषधाच्या दुकानात रांगेत उभी राहिली. नाथाजी सईचा हात धरून रस्त्याच्या कडेनं मलकापूरच्या बाजूला चालत निघाले. नुसतं उभं राहणं त्यांना सोसत नव्हतं.

हायवेलगत खेळण्यांचं दुकान होतं. पुढच्या दोरीवर बाहुल्या टांगलेल्या. एक, दोन नव्हे, चार रांगा. सगळ्यांच्या डाव्या भुवईवर दोन टाके.

नाथाजींनी एक उतरवली. तिला हातात घेताक्षणी कळलं, लहान आहे. त्यांनी मानेवरचा फ्रॉक खाली केला. मानेखाली सुईनं कोरलेला '१' होता. त्यांच्याच हाताचा, शेपटीला जरा वाकडा. दुसरी उतरवली. '१'. तिसरी बघायची गरज नव्हती.

"घ्या की आबा, लय चालतीया," दुकानदार म्हणाला. गुंडा नावाचा गप्पिष्ट माणूस होता. "हितल्याच हायत, मलकापुरातल्या. सातारच्या कुणा सायबांची डाय मोडली म्हणं, तर त्यांनी नमुना धाडला हिकडं. सोळा घरांची डाय केलीया. एका दणक्याला सोळा. तीन पाळ्या चालत्यात."

नाथाजींनी विचारलं, "कवापासनं?"

"पाडव्याच्या आदी पंधरा-वीस दिस. आन् आता आजून एक येतीया. किल्लीला लावायची." गुंडानं अंगठा आणि बोट जवळ आणून माप दाखवलं. "एवढुशी. आजच ट्रायल हाय तिची. घटकाभर थांबला तर पयला नग बघाय मिळंल."

नाथाजींनी बाहुली परत दोरीला लावली. सई मान वर करून त्या चार रांगांकडं बघत होती. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला, त्याच्या आवाजात ती काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं नाही. ट्रक गेल्यावर तिनं परत विचारलं.

"आबा, ह्यात बी मी हाय का? थोडी?"

त्यांनी खाली बघितलं नाही. तिचा अख्खा हात त्यांच्या मुठीत मावला होता, तो त्यांनी आणखी घट्ट धरला. सकाळी एसटीत चढताना तिची बोटं त्यांच्या मुठीबाहेर येत होती.